बॅलास्ट पाणी: भरताना क्लोरीन, सोडताना बायसल्फाइट

पुण्याला समुद्र नाही, तरी लोणी काळभोर आणि तळेगावच्या सागरी प्रशिक्षण संस्थांतून दरवर्षी कॅडेट जहाजांवर जातात. त्यांच्यासाठी ही उजळणी, समुद्राच्या पाण्यातूनच क्लोरीन बनवणाऱ्या यंत्राची. बॅलास्ट म्हणजे जहाज स्थिर राहावं म्हणून टाक्यांत भरलेलं पाणी; ते दुसरीकडे सोडण्याआधी त्यातले जीव या क्लोरीनने मारायचे असतात.

गाठायचं काय? सोडलेल्या पाण्यात ५० मायक्रॉन व त्याहून मोठे जिवंत जीव घनमीटरमागे १० पेक्षा कमी, १० ते ५० मायक्रॉनचे मिलिलिटरमागे १० पेक्षा कमी.

भरताना आधी ब्लोअर सुरू करा. सेलमध्ये, म्हणजे जिथे करंट सोडून खाऱ्या पाण्यातून क्लोरीन बनतो तिथे, हायड्रोजनही तयार होतो आणि हवेत तो ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो. मग पंप, फिल्टर, शेवटी करंट. फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक चढत गेला आणि बॅकफ्लश (उलट्या प्रवाहाने जाळी धुणं) होऊनही उतरला नाही, तर लगेच जाळीला दोष देऊ नका. बऱ्याचदा बॅकफ्लशला पुरेसा दाबच मिळत नसतो. फिल्टरपुढचा व्हॉल्व्ह थोडा आवळा, आतला दाब वाढतो आणि गाळ बाहेर पडतो.

खडकवासल्याच्या पाण्यावर हे यंत्र चालवलं तर व्होल्टेज चढेल, क्लोरीन मात्र बनणार नाही, कारण त्यात मीठच नाही. हल्दियाला हुगळीत हीच गत, वर गाळ वेगळा. म्हणून अशा बंदरात शिरण्याआधीच खोल समुद्रात आफ्टपीक टाकी (जहाजाच्या मागच्या टोकाची टाकी) खाऱ्या पाण्याने भरून ठेवा आणि सेलला पाणी तिथून द्या. ज्यात भरत्या पाण्याचा छोटा फाटाच सेलमधून जातो, त्याच यंत्रात हे जमतं. पाणी फार गार असेल तर फाट्यावरचा हीटरही लावावा लागतो.

सोडताना फिल्टर वगळला जातो. उरलेला क्लोरीन लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये. १ मिलिग्रॅम क्लोरीन मारायला सुमारे १.४६ मिलिग्रॅम सोडियम बायसल्फाइट लागतं. म्हणजे १,००० घनमीटर पाण्यात लिटरमागे २ मिलिग्रॅम उरला असेल, तर २.९ किलो, आणि वर थोडं जास्त. हा आकडा शुद्ध पावडरचा आहे; ड्रममधलं द्रावण किती टक्क्यांचं आहे ते बघून हिशोब करा.

क्लोरीन मोजणाऱ्या सेन्सरचं रीडिंग हातातल्या डीपीडी किटशी (क्लोरीन असला की पाणी गुलाबी करणारी चाचणी) ताडून पाहा. सेन्सरमधलं रसायन जुनं झालं की आकडा कमी दिसतो. मग भरताना यंत्र उगाच जास्त क्लोरीन ओततं, आणि सोडताना बायसल्फाइट कमी पडतं. दुसरी चूक जास्त महागात पडते, कारण ती बंदराच्या पाण्यात उघडी पडते.

बायपास (यंत्र टाळून पाणी थेट नेणारी वाट) उघडावाच लागला, तर वेळ, कारण आणि कोणत्या टाकीत किती घनमीटर गेलं ते लगेच नोंदवहीत लिहा. १ फेब्रुवारी २०२५ पासून नोंदवहीचा नवा नमुना लागू आहे; जुनी वही चालत नाही.