वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर पित्तखडे टाळायचे तर: गोळी, प्रोबायोटिक आणि दोन चमचे तूप

स्लीव्ह (जठराचा मोठा भाग काढून टाकणं) किंवा गॅस्ट्रिक बायपास (जठर लहान करून आतड्याची वाट बदलणं) झाल्यानंतर पहिले सहा महिने वजन भराभर उतरतं आणि खड्यांचा धोकाही तेव्हाच मोठा असतो. वितळणाऱ्या चरबीतलं कोलेस्टेरॉल पित्तात उतरतं. त्यात जेवण एवढंसं आणि जवळजवळ बिनतेलाचं, त्यामुळे पित्ताशय नीट आकसत नाही. साचलेल्या पित्ताचा आधी गाळ होतो, मग खडा.

मुख्य औषध अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडची गोळी, प्रोबायोटिक (उपकारक जिवंत जिवाणू) नव्हे. सर्वसाधारण डोस 300 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, जेवणाबरोबर, सहा महिने. 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत रोज 600 मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी 2 टक्क्यांना खडे झाले, औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकी 32 टक्क्यांना. गाडी अडते ती दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात: काही दुखत नाही, गोळी मोठी आहे, जुलाब होतात, म्हणून ती सुटते. सोडू नका, डॉक्टरांना सांगून डोस किंवा गोळीचा प्रकार बदलून घ्या. ॲल्युमिनियम असलेलं अँटासिड घेत असाल तर दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर औषध अंगी लागत नाही.

प्रोबायोटिकमधले काही लॅक्टोबॅसिलस जिवाणू आतड्यातल्या पित्ताम्लांमध्ये फेरफार करतात, म्हणून त्यांच्याकडून आशा आहे. पण पुरावा अजून छोट्या चाचण्यांपुरता आहे. तेव्हा घ्यायचं तर गोळीच्या जोडीला. पाकिटावर जिवाणूचं पूर्ण नाव, स्ट्रेनचा (उपप्रकाराचा) क्रमांक आणि मुदत संपेपर्यंत जिवंत राहणाऱ्या जिवाणूंची संख्या पाहा; 'उत्पादनाच्या वेळी' एवढंच लिहिलं असेल तर घरी येईपर्यंत किती जिवंत राहिले कोण जाणे. कॅप्सूल गिळवत नसेल आणि पाकिटावर मनाई नसेल, तर उघडून साध्या पाण्यात किंवा ताकात मिसळा, गरम पेजेत नाही. अँटिबायोटिक चालू असेल तर दोन तास सोडून घ्या. बाटलीतली गोड प्रोबायोटिक पेयं नकोतच. बायपासवाल्यांना साखरेने डम्पिंग होऊन, म्हणजे खाल्लेलं भरकन आतड्यात उतरून, घाम, धडधड, जुलाब सुरू होतात. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं किंवा केमो चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच सुरू करू नका.

घरचं दही चांगलंच, पण त्यातल्या जिवाणूंचा हिशेब लागत नाही. कढी, इडली, ढोकळा तर मोजूच नका; उकळताना आणि वाफवताना ते मरतात.

मऊ जेवण सुरू झालं की आहारतज्ज्ञांच्या संमतीने एका जेवणात दोन छोटे चमचे तूप घ्या, म्हणजे साधारण 10 ग्रॅम स्निग्धांश. पित्ताशय रिकामं व्हायला तेवढं पुरतं. वडा-भजी नव्हे.

सहाव्या महिन्यात सहा तास उपाशी राहून सोनोग्राफी करावी.

आपल्याकडे छातीत जळजळलं तरी 'पित्त झालं' म्हणतात, आणि खड्याच्या दुखण्यावरही कोकम सरबत दिलं जातं. उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात, जेवणानंतर उठणारं, पाठीत किंवा उजव्या खांद्यात जाणारं, अर्ध्या तासाहून जास्त टिकणारं दुखणं ॲसिडिटी समजू नका. सोबत थंडी-ताप किंवा डोळे पिवळे असतील तर त्याच वेळी रुग्णालय गाठा आणि बायपास झाल्याचं आधी सांगा: आतड्याची वाट बदललेली असल्याने पित्तनलिकेतला खडा तोंडावाटे दुर्बीण घालून काढणं अवघड होतं.