वाघळांच्या झाडाखाली: अनोळखी विषाणूंची नोंद कशी घ्यायची

मी पशुवैद्यक. माझं निम्मं काम गोठ्यात चालतं आणि निम्मं वाघळांच्या झाडाखाली. आमच्या गटात येणारी नवी मुलं मायक्रोबायोलॉजी शिकून आलेली असतात, पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधायची चाचणी) झोपेतही लावतील. झाडाखाली काय करायचं ते मात्र त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. हे त्यांच्यासाठी.

आधी परवानग्या. वाघूळ पकडायचं असेल तर वनखात्याची लेखी परवानगी आणि संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी हवी, शिवाय पकडणाऱ्याने रेबीजची लस आधीच घेतलेली हवी. इथे मी न पकडता नमुने घ्यायची रीत सांगतेय. तरीही वनखात्याला कळवल्याशिवाय जाऊ नका. मग सरपंच, जमिनीचा मालक आणि देवाचं झाड असेल तर गुरव. पिंपळाखाली मुंजा असला की चपला काढायला सांगतात, आणि आपल्याला तर गमबूट काढून चालत नाही. वाद घालू नका. शेंदराच्या दगडापासून लांब, झाडाच्या दुसऱ्या अंगाला जागा धरा.

गावात विषाणूचं नाव लपवू नका. महाबळेश्वरच्या गुहेत मार्च २०२० मध्ये पकडलेल्या वटवाघळांत पुण्याच्या एनआयव्हीला (राष्ट्रीय विषाणू संस्थेला) निपाच्या, म्हणजे वटवाघळांतून माणसात येणाऱ्या जीवघेण्या विषाणूच्या, खुणा सापडल्या, ती बातमी २०२१ मध्ये सगळ्यांच्या मोबाइलवर फिरली. “आमच्या झाडावर पण आहे का, मॅडम?” हे विचारणारच. “तेच बघायला आलोय, आणि झाड तोडलंत तर वाघळं गावभर पांगतील,” एवढं सरळ सांगायचं.

आता ताडपत्री. ही युक्ती जुनी आहे. मलेशियात १९९८-९९ मध्ये निपाची साथ आली, त्यानंतर टिओमान बेटावर संशोधकांनी वाघळांच्या झाडांखाली प्लास्टिक अंथरून मूत्र गोळा केलं. त्यात निपा तर मिळालाच, पण त्याच खटपटीत तोवर कोणाच्या यादीत नसलेला दुसरा एक विषाणूही हाती लागला. त्याला बेटाचंच नाव दिलं. शोधायला गेलो एक आणि निघालं भलतंच, हे या कामात नेहमीचं आहे, म्हणून नोंद चोख लागते.

वाघळं पहाटे परततात आणि फांदी धरताना मुतून घेतात. तेव्हा त्याआधी, अंधारातच अंथरायचं. एक भली मोठी ताडपत्री नको, नव्या कोऱ्या प्लास्टिकचे साधारण मीटरभराचे तुकडे अंतर ठेवून टाका. मोठ्या कापडावर अनेक जनावरांचं मूत्र एकत्र होतं, मग कळपात किती जणांत विषाणू होता याचा अंदाजच बिघडतो. एन-९५, गॉगल, दुहेरी हातमोजे, अंगभर गाऊन आणि टोपी हे सगळं झाडाच्या घेराबाहेर चढवायचं. वर बघताना तोंड उघडं ठेवायची सवय असते काहींना, मास्क त्यासाठीही आहे.

उजाडलं की लगेच थेंब उचला, ऊन आलं की आरएनए (विषाणूचा जनुकीय मजकूर) वाया जातो. दर तुकड्याला नवी पिपेट. नमुना थेट लायसिस बफर (विषाणू फोडणारं द्रावण) भरलेल्या क्रायोव्हायलमध्ये, म्हणजे गोठवायच्या छोट्या कुपीत, म्हणजे विषाणू तिथेच निकामी होतो. जिवंत विषाणू वाढवणं हे आपलं काम नाही, त्याला तशी प्रयोगशाळा लागते. आणि हो, बफर सांडला तर त्यावर ब्लीच ओतू नका, विषारी वायू निघतो.

व्हायल द्रव नायट्रोजनमध्ये. कृत्रिम रेतनाच्या कांड्यांचा कंटेनर गाडीत असतोच, तोच वापरायचा मोह होतो. अजिबात नाही. या कामाचा कंटेनर वेगळा, त्यावर लाल पट्टी.

माझं खरं भांडण असतं ते वहीवरून. व्हायलवर बॉलपेनने लिहिलेलं गोठल्यावर पुसतं, क्रायो-लेबलच हवं. तालुका, झाड, तारीख, तुकडा क्रमांक. वहीत त्याच क्रमांकासमोर झाडाची जात, जीपीएस, आदल्या संध्याकाळी उडताना मोजलेली वाघळं, पोटाला पिलू असलेल्या माद्या दिसल्या का, खाली काय आहे: उघडी विहीर, गुरांची दावण, डुकरं, शिंदीची झाडं, मुलं उष्टी फळं उचलतात का. प्रयोगशाळेतून येतो तो फक्त विषाणूचा जनुकीय क्रम. तो कुठल्या जनावराचा, कुठल्या ऋतूतला, माणसापासून किती हातांवर, हे वहीत नसेल तर त्या क्रमाला कोणी विचारत नाही.

पुढचं काम आतल्या लोकांचं, थोडक्यात सांगते. विषाणूंच्या एकेका कुळासाठी पीसीआर लावतात, मिळालेला जनुकीय तुकडा जेनबँकेतल्या (जनुकीय क्रमांच्या सार्वजनिक साठ्यातल्या) क्रमांशी ताडतात, फार वेगळा निघाला तर नवा म्हणून नोंदतात. बांगलादेशातल्या संशोधनात (२०१३) आपल्याकडच्याच मोठ्या वाघळाच्या जातीत ५५ विषाणू मिळाले, त्यावरून सगळ्या सस्तन प्राण्यांत मिळून किमान ३,२०,००० असावेत असा अंदाज बांधला गेला. नवा म्हणजे घातक नव्हे, हे पत्रकारांना दहादा सांगावं लागतं. विषाणूंची उत्क्रांती अभ्यासणारे एडवर्ड होम्स आणि सहकाऱ्यांनी तर २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिलं की साथीचं भाकीत करत बसण्यापेक्षा माणसांवर लक्ष ठेवण्यात पैसा घाला. मला त्यांचं बरंचसं पटतं. म्हणूनच विहीर आणि दावणीचा रकाना मी रिकामा सोडू देत नाही, आणि तापाचे रुग्ण अचानक वाढले तर कोणाला फोन करायचा हे प्राथमिक आरोग्य केंद्राशी आधीच ठरवून घेते.

वापरलेलं प्लास्टिक पिवळ्या पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत, आणि परत नेऊन ऑटोक्लेव्ह. कोणीतरी मागणारच, “मॅडम, कडब्यावर टाकायला द्या की.” त्यासाठी गाडीत एक कोरी ताडपत्री जास्तीची ठेवा, ती देऊन टाका. नमुन्यांत काहीच सापडलं नाही तरी ती ओळ तक्त्यात भरायची, आणि निकाल मराठीत एका पानावर लिहून ग्रामपंचायतीला नेऊन द्यायचा, मेलवर नव्हे.