‘मूव्हर’ हा शब्द कुठे आणि कसा वापरावा

पुण्यात घरभाड्याचा करार बहुधा 11 महिन्यांचा असतो, त्यामुळे बिऱ्हाड हलवण्याचा प्रसंग अनेकांवर वारंवार येतो आणि ‘मूव्हर्स’ हा शब्द आपसूकच तोंडी बसतो. मात्र तो वापरताना वचनाचा घोळ हमखास होतो. ‘मूव्हर’ म्हणजे सामान उचलून गाडीत भरणारा आणि नव्या घरी उतरवून देणारा एक कामगार. ‘मूव्हर्स’ म्हणजे असे अनेक कामगार किंवा ते काम घेणारी कंपनी. म्हणून ‘मूव्हर्स नऊ वाजता येतील’ हे योग्य, पण ‘एक मूव्हर्स आला आहे’ हे चूक.

अमेरिकेत नुसते ‘मूव्हर्स’ म्हटले तरी पुरते. ब्रिटनमध्ये मात्र या कामगारांना रोजच्या बोलण्यात ‘रिमूव्हल मेन’ म्हणतात. तिकडच्या कोणाला पत्र लिहिताना त्यावरून ‘रिमूव्हर’ असे रूप करण्याचा मोह टाळावा, कारण त्याने आधी नेलपॉलिश पुसण्याचे औषधच आठवते.

आपल्याकडे पाट्यांवर दिसणारी ‘पॅकर्स अँड मूव्हर्स’ ही जोडी दोन वेगळी कामे सांगते. पॅकर सामान खोक्यांत बांधतो, मूव्हर ते हलवतो. दर ठरवताना या दोन शब्दांतला फरक उपयोगी पडतो: काचेची भांडी गुंडाळणे, पलंग सोडवणे आणि तो पुन्हा जोडणे दरात धरले आहे का, तसेच लिफ्ट बंद असल्यास जिन्याचे वेगळे पैसे लागतील का, हे आधीच विचारून लेखी घ्यावे.

सोसायटीच्या सभेच्या इंग्रजी इतिवृत्तात ‘मूव्हर’ आला, तर तो ठराव मांडणारा सूचक असतो, त्याचा टेम्पोशी काही संबंध नाही. ‘अर्थमूव्हर’ म्हणजे माती हलवणारे यंत्र, ज्याला आपण सरसकट जेसीबी म्हणतो.

मराठीत लिहिताना कंपनीसाठी ‘पॅकर्स अँड मूव्हर्स’ राहू द्यावे, कारण तेच सर्वांना कळते. माणसांसाठी मात्र ‘हमाल’ किंवा नुसते ‘कामगार’ लिहावे, असे माझे मत आहे. ‘हमाल’ शब्द मुळात अरबी असला तरी तो कमीपणाचा वाटून घेण्याचे कारण नाही. पुण्यातील श्रमिकांची संघटना ‘हमाल पंचायत’ हेच नाव अभिमानाने लावते आणि माथाडी कामगारांसाठीच्या 1969 च्या कायद्याच्या नावातही हा शब्द आहे.