अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात ओढ्यावर गार्नेट रोळायला जाताय? मग हे वाचून जा

स्टार गार्नेट म्हणजे तो जांभळट लाल खडा, ज्याच्यावर उजेड पडला की चार नाहीतर सहा किरणांची चांदणी दिसते. हा बऱ्यापैकी प्रमाणात भारतात आणि आयडाहोत, एवढ्या दोनच जागी सापडतो असं अमेरिकेचं वनखातं, म्हणजे फॉरेस्ट सर्व्हिस, सांगतं, म्हणजे देश सोडून इतक्या लांब यायचं आणि सुट्टीच्या दिवशी गाडी हाणत देशातलाच खडा शोधायला जायचं, असो.

जागा एमराल्ड क्रीक, क्लार्कियाजवळ, आयडाहो पॅनहँडल नॅशनल फॉरेस्टमध्ये. नावावर जाऊ नका, पाचू बिचू काही नाही तिथे. हायवे ३ वरून फॉरेस्ट रोड ४४७ ला वळायचं, पुढे साधारण ८ मैल, मग पार्किंगपासून अर्धा मैल चाल. साइट फक्त उन्हाळ्यात चालू असते, बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्हवर, आणि निघायच्या आधी यंदा चालू आहे ना ते बघाच. एका परमिटवर ५ पौंड, म्हणजे सव्वादोन किलो गार्नेट नेता येतं. स्वतः ओढा खणायचा नाही हं, गार्नेटवाली वाळू-खडी ते लोकच आणून ढीग घालून ठेवतात, आपण ती चाळायची आणि धुवायची.

आता खरं काम. आजी रोवळीत तांदूळ रोळायची ते आठवतंय? तांदूळ वर येतो, खडा तळाला बसतो. इथे तेच, फक्त आपल्याला खडा हवाय. साध्या गारगोटीची घनता २.६५ च्या आसपास, गार्नेटची ४ च्या जवळपास, म्हणून ते जड आणि खाली बसतं. चाळणीत ओंजळ दोन ओंजळच खडी घ्या (लोक हावरटासारखी चाळण भरतात आणि मग हलवताच येत नाही), आधी कोरडी माती झाडून टाका, मग पाण्यात हलवून चिखल जाऊ द्या. ओलं गार्नेट पटकन काळंच दिसतं, मी पहिल्या तासात निम्मे चांगले खडे काळा दगड म्हणून फेकून दिले! शंका आली की खडा सूर्यासमोर धरायचा, कडेला वांग्याच्या सालीसारखा जांभळा-लाल रंग दिसला की ठेवा. हाताला आकारापेक्षा जड लागतो, आणि नशीब असेल तर सपाट पैलूंचा बारा बाजूंचा अख्खा स्फटिक मिळतो, कोणी मुद्दाम घासून ठेवल्यासारखा.

कपडे जुने, गमबूट, हातमोजे, बदलायला एक जोड. मी जीन्स घालून गेलो आणि परत येताना सीटवर कचऱ्याची पिशवी अंथरून बसलो. नेटवर्कचा भरवसा नाही म्हणून बुकिंगचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

दुसऱ्या एखाद्या नॅशनल फॉरेस्टमधल्या ओढ्यावर जाणार असाल तर हौसेपुरते थोडे दगड उचलायला बहुतेक ठिकाणी चालतं, विकायला नाही. पण तिथल्या रेंजर ऑफिसला आधी फोन करा, कारण ओढ्याच्या त्या तुकड्यावर कोणाचा मायनिंग क्लेम, म्हणजे खाणकामाचा हक्क, असू शकतो. बाणाची टोकं वगैरे जुन्या वस्तू दिसल्या तर हात लावू नका, आणि नॅशनल पार्क म्हणजे नॅशनल फॉरेस्ट नव्हे, पार्कात खडाही उचलायचा नाही. आपल्याकडेही १९२७ च्या वन कायद्यात जंगलातला दगड वनोपजच धरलाय, तेव्हा सह्याद्रीत फिरताना चमकदार स्फटिक दिसला तर फोटो काढा आणि पुढे व्हा.

घरी आल्यावर चांदणी दिसत नाही म्हणून हिरमुसू नका. ती आतल्या रुटाइल नावाच्या खनिजाच्या बारीक सुयांमुळे दिसते, त्यासाठी खडा घुमटासारखा गोल घासावा लागतो आणि वरून एकच दिवा हवा, मोबाइलचा टॉर्च चालतो. खडे घासून देणाऱ्या कटरने आमच्या ढिगातून चारच खडे बाजूला काढले, बाकीचे तुळशीच्या कुंडीत पडलेत.