आपल्या वयाचा तारा कसा शोधावा

ताऱ्याचा प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर धावतो, तरी इथं पोचायला त्याला वर्षानुवर्षं लागतात. तुमच्या जन्माच्या सुमारास निघालेला उजेड आज ज्या ताऱ्यातून दिसतो, तो तुमच्या वयाचा तारा.

आधी कॅलेंडर काढा आणि फेब्रुवारीतली शुद्ध तृतीया किंवा चतुर्थी धरा. कोल्हापुरात रंकाळा तलावावर भेळ झकास मिळते, पण दिव्यांच्या झगमगाटात तारे मोजकेच दिसतात. त्यापेक्षा पन्हाळ्याच्या वाटेवर कुणा ओळखीच्या माणसाचं शेत गाठा. शेजारी पाचट पेटवलेलं किंवा गुऱ्हाळ चालू नसावं, धुरानं खालचं आभाळ मळकट होतं.

दिवस मावळला की पश्चिमेला चंद्राची कोर बघा. कोरीच्या आतलं उरलेलं बिंबही राखाडी, अंधूक दिसेल. तो पृथ्वीचा उजेड! सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर पडून चंद्रावर गेला आणि तिथून परत आपल्या डोळ्यात आला. चंद्राची माती जवळजवळ डांबरी रस्त्याइतकी काळपट; पडलेल्या उजेडातला जेमतेम १२ टक्के ती परत फेकते. तिथून इथं यायला त्या उजेडाला सव्वा सेकंद पुरतो, म्हणून चंद्र आपल्या खेळात धरायचा नाही.

तो मावळेपर्यंत भाकरी खाऊन घ्या. मग मोबाइल खिशात टाकून वीस मिनिटं अंधारात बसा. मध्येच कुणी स्क्रीन लावली की डोळे पुन्हा पहिल्यापासून सरावायला लागतात. आमच्याकडं हे काम हमखास भाचा करतो.

आता मृगातले बाणाचे तीन तारे शोधा. त्यांची रेघ खाली वाढवली की आभाळातला सगळ्यात तेजस्वी तारा, व्याध : साडेआठ वर्षं. तीच रेघ वर नेली की तांबूस रोहिणी : ६५ वर्षं. महाराष्ट्र राज्य झालं त्याच सुमारास निघालेला उजेड आत्ता पोचतोय, असं सांगितल्यावर मामा घोंगडीतून मान बाहेर काढून बराच वेळ बघत राहिले. "म्हंजे माझ्याच बारशाचा की रं!"

व्याधाच्या डावीकडं, थोडा वर प्रश्वा : साडेअकरा. पुनर्वसूच्या जोडीतला जास्त ठळक, पिवळसर तारा : ३४. उत्तरेला उंचावर ब्रह्महृदय : ४३. पूर्वेला मघा : ७९, आजीसाठी. एखादं ठळक ठिपकं अजिबात लुकलुकत नसेल तर तो बहुधा ग्रह, त्याला वगळा. वर्षा-दोन वर्षांचा फरक पडला तर चालवून घ्या.

सदतिशीतल्यांना स्वातीसाठी रात्री अकरापर्यंत थांबावं लागेल. पंचविशीतल्यांची अभिजित तर त्याहून उशिरा उगवते. ती बघायला पहाटे पाचला उठून ईशान्येकडं तोंड करायचं. भाचा पंचवीसचा आहे, अजून एकदाही उठलेला नाही.