पेनकिलर चालत नसेल तर जुनी कंबरदुखी कशी सांभाळावी

मूत्रपिंड कमजोर, पोटात अल्सर, हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू, नाहीतर गरोदरपण. यातलं एक जरी असलं तरी डॉक्टर नेहमीच्या पेनकिलरवर फुली मारतात. कंबर मात्र तीन महिन्यांच्या वर दुखतेच आहे. अशा वेळी बहुतेक जण ‘आता सहन करायचं’ म्हणून बसून राहतात, आणि बसून राहिल्यानंच दुखणं मुरतं. गोळीचा डोस बंद झाला की हालचालीचा डोस ठरवावा लागतो, तोही मोजून.

आधी गोळ्यांचा हिशेब

घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स काढा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रॉक्सेन, एटोरिकॉक्सिब ही सगळी एकाच कुळातली, डॉक्टरांनी फुली मारलेल्या पेनकिलरच्या. मेडिकलमधून ‘साधी अंगदुखीची’ म्हणून आणलेल्या गोळीत पुष्कळदा असिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असतात. आपण फक्त पॅरासिटामॉल घेतोय असं वाटत राहतं.

रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड अशी जोडगोळी घेणाऱ्यांनी इथे विशेष सावध राहावं. पेनकिलरमुळे मूत्रपिंडात रक्त आणणारी बारीक वाहिनी आवळते, टेल्मिसार्टनमुळे रक्त बाहेर नेणारी सैल पडते आणि लघवी वाढवणाऱ्या औषधानं अंगातलं पाणी कमी झालेलं असतं. रक्त गाळायला लागणारा दाबच पडतो. त्यात जुलाब, उन्हाळा किंवा निर्जळी उपास आला तर दोन-चार दिवसांतही क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा घटक) चढू शकतं.

मूत्रपिंडाच्या रुग्णाला पॅरासिटामॉल त्या मानानं सुरक्षित आहे, पण कंबरदुखीवर त्याचा उपयोग बेताचाच. यकृताचा आजार किंवा रोजचं मद्यपान असेल तर त्याचा डोसही डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. डायक्लोफेनॅकचं जेल त्वचेतून थोडं रक्तात जातंच. गोळीपेक्षा बरंच कमी, तरी मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी विचारल्याशिवाय लावू नये. आणि लेबल नसलेल्या ‘सांधेदुखीच्या पुड्या’ घेऊच नका. एका पुडीत आराम पडला तर आत स्टेरॉइड असल्याचा संशय घ्यायला हरकत नाही.

ही लक्षणं असतील तर घरी उपचार नको

लघवी तुंबणं किंवा शौचावरचा ताबा सुटणं, बैठकीच्या जागेला बधिरपणा, पाऊल उचलता न येणं: यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, झोपल्यावरही न थांबणारं दुखणं असेल तर आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग आधी तपासावा लागतो. पूर्वी कर्करोग झालेला असेल, किंवा वयस्कर बाईला साध्या धक्क्यानं एकदम कळ आली असेल तरीही तपासणी हवी. तरुण माणसाची कंबर सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडत असेल आणि हालचालीनं मोकळी होत असेल तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा.

तीन दिवस घड्याळ लावा

बसणं, उभं राहणं, चालणं यांपैकी प्रत्येक गोष्ट किती मिनिटांनी दुखणं वाढवते ते तीन दिवस वहीत लिहा. सरासरी काढा आणि त्यातून पाचवा हिस्सा कमी करा. ओट्याशी उभं राहून पोळ्या करताना पंधराव्या मिनिटाला कंबर धरत असेल तर तुमचा आकडा बारा. बारा मिनिटं झाली की गॅस बंद, दोन मिनिटं चाला किंवा बसा, मग पुढच्या पोळ्या. बरं वाटत असलं तरी थांबायचंच.

हे बहुतेकांना पटत नाही. पण बरं वाटलेल्या दिवशी माळा काढायचा, डबे घासायचे आणि पुढचे दोन दिवस आडवं व्हायचं, या फेऱ्यात एकूण काम कमीच होतं. शिवाय शरीर प्रत्येक कामाचा धसका घेतं. दर आठवड्याला आकडा साधारण दहा टक्क्यांनी वाढवा. दुखणं दहाच्या मापावर जास्तीत जास्त दोन अंशांनी वाढलं आणि दुसऱ्या सकाळी जागेवर आलं तर प्रमाण ठीक आहे. त्याहून वाढलं तर मागच्या आठवड्याच्या आकड्यावर या.

चालणं

सुरुवात सपाट रस्त्यावर, दिवसातून दोनदा पाच ते दहा मिनिटं. ध्येय आठवड्यातून पाच दिवस तीस मिनिटं. ऑस्ट्रेलियात 701 जणांवर झालेल्या आणि 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, कंबरदुखीतून नुकत्याच सावरलेल्या लोकांना असं टप्प्याटप्प्यानं चालायला लावलं. त्यांच्यातल्या निम्म्या लोकांचं दुखणं उलटायला 208 दिवस लागले; असा कार्यक्रम न दिलेल्या गटात 112.

चढावर वाकून, बाजारात गाडीचा आधार घेऊन बरं वाटतं पण ताठ चाललं की पाय भरून येतात, असं वयस्कर माणसाचं असेल तर मणक्याची नळी अरुंद झालेली असू शकते. त्यांनी चालण्यापेक्षा स्थिर सायकल चालवावी.

तीन व्यायाम

पलंगावर नाही, जमिनीवर जाड सतरंजी घालून. कॅनडातले पाठीच्या यंत्रशास्त्राचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांचे हे तीन व्यायाम कमरेला फार न वाकवता तिच्याभोवतीचे स्नायू टिकाऊ करतात. प्रत्येक स्थिती आठ ते दहा सेकंद. आधी सहा वेळा, थोडं थांबून चार, मग दोन. सुरुवातीला निम्म्यानंच करा.

पहिला: उताणं झोपा, एक गुडघा वाकवा, दोन्ही तळवे कमरेच्या पोकळीखाली. डोकं आणि खांदे जमिनीपासून जेमतेम सुटतील इतकेच उचला. हनुवटी छातीला लावली की मान दुखते. हाडं ठिसूळ असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी हा व्यायाम सोडावा.

दुसरा: कुशीवर, कोपर खांद्याच्या बरोबर खाली, गुडघे वाकवलेले, नितंब वर उचला. खांदा दुखत असेल तर भिंतीला कोपर टेकून उभ्यानं करा.

तिसरा सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात जास्त चुकणारा. हात-गुडघ्यांवर या. उजवा हात पुढे, डावा पाय मागे. कमरेवर एक पुस्तक ठेवा; ते घसरलं तर कंबर एका बाजूला कलतेय. पाय नितंबाच्या पातळीच्या वर गेला की कंबर खाली खचते आणि नेमकी तिथेच कळ येते, म्हणून टाच उंच न नेता भिंतीकडे ढकला. मोठ्यानं अंक मोजा, म्हणजे श्वास कोंडणार नाही. रक्तदाब असणाऱ्यांना हे फार महत्त्वाचं.

भुजंगासनानं काहींना छान आराम पडतो, काहींना त्रास होतो. कसोटी सोपी आहे: पायातली कळ वर सरकून कमरेत गोळा झाली तर चालू ठेवा, खाली पोटरीकडे उतरली तर बंद. पायात कळ असेपर्यंत पश्चिमोत्तानासन आणि सूर्यनमस्कार बाजूला ठेवलेले बरे.

घरातली कामं

रात्रभर आडवं राहिल्यानं मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात, म्हणून उठल्यावर पहिला तासभर खोल वाकणं टाळा. केर काढायला लांब दांड्याचा झाडू, फरशीला मॉप. वीस लिटरची भरलेली बादली वीस किलोंची. एक बादली एका हातानं नेण्यापेक्षा दोन अर्ध्या दोन्ही हातांत न्या. भरलेला गॅस सिलिंडर सुमारे तीस किलो असतो, तो उचलूच नका, चाकांच्या स्टँडवर सरकवा.

कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी, उताणं झोपताना गुडघ्यांखाली. फळीवर किंवा उघड्या फरशीवर झोपायचा सल्ला सर्रास दिला जातो, पण मध्यम कडक गादी जास्त आराम देते.

शेक

पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, व्यायामाआधी घेतला तर उत्तम. रबरी पिशवी टॉवेलात गुंडाळा, किंवा जाडं मीठ तव्यावर तापवून पुरचुंडी करा आणि आधी मनगटावर लावून पाहा. पिशवीवर झोपू नका. बाम चोळलेल्या जागी शेक दिला तर कातडी भाजते. मधुमेहानं संवेदना कमी झालेल्यांना चटका कळतच नाही. त्यांचा शेक दुसऱ्यानं द्यावा.

पैसे कुठे घालू नयेत

जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर 2023 मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात नेहमीच्या वापरासाठी कमरेचा पट्टा आणि वजन लावून ताणणं या दोन्हींची शिफारस नाही, अफूवर्गीय वेदनाशामकांचीही नाही. व्यायाम आणि दुखण्याविषयीचं शिक्षण यांना मात्र होकार आहे. एमआरआयमधला ‘गॅप’ पाहूनही लगेच घाबरू नका: काहीही न दुखणाऱ्या विशीतल्या सुमारे 37 टक्के लोकांच्या चकत्याही झिजलेल्या दिसतात.

उसण भरली तर

पहिला दिवस शेक आणि उशा. पण दर तासाला उठून घरातल्या घरात दोन-तीन मिनिटं चाला. दुसऱ्या दिवसापासून वहीतल्या आकड्याच्या निम्म्यावर, मग चार-पाच दिवसांत पूर्ववत. या काळात शेजारच्यांनी दिलेली गोळी किंवा ‘एकच इंजेक्शन’ नको. कुठल्याही दवाखान्यात गेलात तर आपला आजार आणि चालू औषधं आधी सांगा. दोन आठवड्यांत आराम पडला नाही तर वही, सगळ्या स्ट्रिप्स आणि शेवटचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा.