ऑल-टाइम ड्राफ्टमधे फॉरवर्डच्या मागं पळू नका
सांगलीत वर्ल्डकप जवळ आला की विश्रामबागला भडंग मधे ठेवून आमचा फुटबॉलचा ऑल-टाइम ड्राफ्ट (आजवरच्या सगळ्या खेळाडूंमधून आळीपाळीनं एकेक उचलून आपापली टीम बनवायची) सुरू होतोच, आणि पहिल्या नंबरवाला डोळे झाकून पेले नाहीतर मेस्सी उचलतो. ते ठीकच आहे. पण दुसऱ्या राउंडला परत फॉरवर्ड घेऊ नका, कारण क्रायफ, रोनाल्डो, युसेबिओ, पुस्कास असे ढिगानं आहेत, पाचव्या राउंडला पण कुणीतरी भारी हाताला लागतोच. टंचाई असते ती फुलबॅक (बचावात डाव्या-उजव्या कडेला खेळणारे) आणि कीपरची. मालदिनी लवकर घ्या, तो लेफ्टबॅक पण आणि सेंटरला पण, म्हणजे एकाच पिकमधे दोन जागांची सोय. राइटला काफू, १९९४, १९९८, २००२ अशा सलग तीन वर्ल्डकप फायनल खेळलाय, अजून काय पाहिजे! गोलमधे याशिन, १९६३ चा बॅलन डी'ओर त्याला मिळाला आणि पुरुषांमधे तसा दुसरा कीपर अजून झालेला नाही.

आणि स्नेक पद्धतच लावा, म्हणजे प्रत्येक राउंडला क्रम उलटा करायचा; चौघं असाल तर चौथ्याला सलग दोन पिक मिळतात, मग पहिल्या नंबरसाठी भांडणं होत नाहीत. बेकेनबाउर स्वीपर (बचावफळीच्या मागं मोकळा खेळणारा) धरायचा का मिडफिल्डर हे मात्र चिठ्ठ्या टाकायच्या आधीच ठरवून घ्या.